घरात कुत्रा आणि परड्यात कोंबड्या: दोघांना एकत्र नांदवायचं कसं

मुंबई-पुण्याहून गावी परत आलेली बरीच मंडळी हल्ली कोंबड्या पाळायला लागलीयेत. आठ-दहा गावरान नाहीतर वनराज-गिरीराजची पिल्लं आणायची, मोठी झाली की परड्यात सोडायची, घरची अंडी खायची, बेत छान असतो, आणि सोबत शहरातून आलेला एखादा लॅब्राडोर किंवा बीगल असतोच. मग एक दिवस कुत्रा दोन कोंबड्या मारतो आणि शेजारीपाजारी लगेच सांगायला लागतात की हा आता चटावला, याला रक्ताची चटक लागली, कुठंतरी लांब सोडून या. लोक खरंच सोडून येतात हो. आणि शेजाऱ्याची कोंबडी धरली असेल तर कोणीतरी भाकरीतून विष घालतं. कोंबडी गेली, कुत्राही गेला, आणि यातलं बरंचसं टाळता आलं असतं. म्हणून जरा सविस्तर लिहितेय, ज्यांच्याकडे कुत्रा आहे आणि कोंबड्या आणायच्यात त्यांनी आधी हे वाचा आणि मग खुराडं बांधायला घ्या.

आधी हे समजून घ्या: कुत्रा कोंबडी का मारतो

बहुतेक वेळा भुकेपोटी नाही. पोटभर जेवलेला कुत्राही मारतो, आणि मारून झाल्यावर कितीदा तरी खात पण नाही, तिथंच टाकून दुसरीच्या मागे लागतो. त्याच्या आत शिकारीची एक साखळी असते, रोखून बघायचं, दबकत पुढं जायचं, मागे धावायचं, धरायचं, झटकायचं. त्यातला धावण्याचा भाग त्याला प्रचंड आवडतो, इतका की पाठलाग हेच त्याचं बक्षीस होतं, कोंबडी हाताला नाही लागली तरी. म्हणजे तुम्ही दहा वेळा ओरडलात आणि त्याने अकराव्यांदा मजेत धावून घेतलं तर तो धावणंच शिकला. "रक्ताची चटक" म्हणतात ना, ती खरी चटक पाठलागाची असते. शिजवलेलं चिकन खाऊन कुत्रा कोंबड्यांच्या मागे लागतो ही भीती पण त्यामुळे सोडून द्या, ताटातलं चिकन आणि अंगणातली पळणारी कोंबडी या त्याच्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तर पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा हेतू एवढाच की पहिला पाठलाग होऊच द्यायचा नाही. बाकी सगळं त्याच्यासाठी.

पायरी १: आपला कुत्रा नीट ओळखा

कारवान, पश्मी, मुधोळ हे नजरेने शिकार करणारे कुत्रे, पिढ्यानपिढ्या सशामागे धावायलाच तयार केलेले. यांच्यापैकी कोणी घरात असेल तर माझं स्पष्ट मत आहे की कोंबड्यांसोबत मोकळं सोडायचा हट्टच धरू नका, मधे पक्की जाळी ठेवा आणि दोघांना सुखाने जगू द्या. हस्कीचंही तेच. बीगल नाकाने शिकार करतो, वास लागला की कान बंद होतात. डॅशहंड उकरून आत घुसतो. जर्मन शेफर्ड मेंढ्या राखणाऱ्या जातीचा, तो बऱ्याचदा मारत नाही पण गोल गोल फिरवून कोंबड्यांना इतकं पळवतो की उन्हाळ्यात त्या धापा टाकून मरू शकतात. लॅब्राडोर मुळात मारलेलं बदक अलगद उचलून आणायला तयार केलेला, तोंड मऊ असतं हे खरं, पण कोंबडी मऊ तोंडात धरली तरी घाबरून जीव सोडू शकते, त्यामुळे "आमचा लॅब काही करत नाही" यावर भरवसा ठेवू नका. गावठी कुत्र्यांचं मात्र काही एक सांगता येत नाही, जो कोंबड्यांच्या घरातच जन्मला-वाढला तो सहसा त्यांच्याकडे ढुंकून पण बघत नाही आणि रस्त्यावर पोट भरत मोठा झालेला असेल तर त्याच्यावर मेहनत घ्यावी लागते.

जातीइतकंच वय बघा. साधारण तीन ते चौदा आठवड्यांचं पिल्लू जे बघतं ते त्याला आयुष्यभर नेहमीचं वाटतं, या वयात रोज कोंबड्या दिसल्या तर अर्धं काम झालं. सगळ्यात अवघड काळ म्हणजे सहा महिने ते दीड-दोन वर्षं, अंगात रग असते, डोकं पोराचं आणि दात मोठ्याचे, लहानपणी शहाणा असलेला कुत्रा पण या वयात एकदम कोंबडीमागे धावतो तेव्हा गाफील राहू नका.

पायरी २: ट्रेनिंगच्या आधी जाळी

लोक इथंच पैसे वाचवतात. बाजारात मिळणारी षटकोनी भोकांची पातळ कोंबडी-जाळी कोंबड्यांना आत ठेवायला ठीक आहे, कुत्र्याला बाहेर ठेवायला नाही, दमदार कुत्रा ती दातांनी फाडतो. वेल्डमेश म्हणजे वेल्ड केलेली जाड तारेची जाळी घ्या, खाली दोन-तीन फूट तरी बारीक भोकांची, म्हणजे मुंगूस आणि सापापासून पण बचाव होतो. आणि जाळी जमिनीला टेकवून सोडून देऊ नका, खालचा दीड फूट भाग बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरून त्यावर चिरे किंवा दगड मांडा, उकरणारा कुत्रा नेहमी जाळीच्या बुडाशी येऊन उकरतो आणि तिथं त्याच्या नखांना जाळीच लागते. पावसाळ्यात माती मऊ असते तेव्हा हे फार उपयोगी पडतं. घराभोवती नुसता दगडांचा गडगा असेल तर तो कुत्र्याला अडवतो असं समजू नका, दोन उड्यांत पार होतो.

खुराड्याला कडी अशी लावा की नाकाने ढकलून उघडणार नाही. आत उंचावर दांड्या द्या, कोंबड्यांना रात्री उंच बसायला आवडतं, आणि मोकळ्या जागेत पण एक-दोन ठिकाणी फांद्या, उलटी टोपली, जुनं टेबल असं काहीतरी ठेवा जिथं घाबरलेली कोंबडी शिरू शकेल. जिला लपायला जागा असते ती कमी धावते आणि धावली नाही की कुत्रा पण पेटत नाही.

पायरी ३: हुकूम कोंबड्यांपासून लांब शिकवा

तीन गोष्टी याव्यातच: बस, सोड, आणि हाक मारल्यावर परत येणं. घरात, मग अंगणात, मग रस्त्यावर, असं वाढवत न्या. घरातल्या सगळ्यांनी शब्द एकच वापरा, आजी "हाड" म्हणतेय, पोरं "नो" म्हणतायत आणि तुम्ही "सोड" म्हणताय तर त्याने ऐकायचं कोणाचं. "सोड" शिकवायला मुठीत बिस्किट धरा, तो चाटेल, नाक घुसवेल, पंजा मारेल, मूठ उघडायची नाही, ज्या क्षणी तो तोंड बाजूला करेल त्या क्षणी शाबासकी आणि दुसऱ्या हातातून त्याहून चांगलं काहीतरी. उकडलेलं काळीज, पनीर, अंड्याचे तुकडे. साध्या चपातीच्या तुकड्यावर कोंबडीसारखी मजा कोण सोडेल, बक्षीस तसंच दमदार पाहिजे.

पायरी ४: जाळीआडून ओळख

कोंबड्या नवीन असतील तर त्यांना आठवडाभर खुराड्यात रुळू द्या. कुत्र्याला आधी चांगलं लांब फिरवून दमवून आणा आणि मग पट्ट्यावर धरून जाळीपासून इतक्या लांब उभे राहा की त्याला कोंबड्या दिसतायत पण तो तुमच्या हातातला तुकडा अजून खातोय. हे अंतर तीस फूट असेल, पन्नास असेल, लाज वाटून घेऊ नका. त्याने कोंबडीकडे बघितलं की एक तुकडा, परत तुमच्याकडे बघितलं की अजून एक. दहा मिनिटं पुरे, दिवसातून दोनदा. काही दिवसांनी चार पावलं पुढं.

आता इथं डोळे कुत्र्यावर ठेवायचे, कोंबड्यांवर नाही. तोंड उघडं, जीभ बाहेर, शेपटी सैल, मधेच जमीन हुंगतोय, जांभई देतोय, हे सगळं चांगलं. पण चालता चालता एकदम थांबला, तोंड मिटलं, कान पुढं आले, शेपटी ताठ झाली आणि डोळ्याची पापणी लवत नाहीये, तर तो क्षण ओळखा, पुढच्या दोन सेकंदांत झेप आहे. अशा वेळी पट्टा खेचून ओरडू नका, नाव घेऊन शांतपणे वळा आणि लांब जा, अंतर वाढलं की तो श्वास सोडतो, अंग सैल होतं, मग तुकडा द्या. म्हणजे आपण जास्त जवळ आलो होतो, उद्या दहा फूट मागून सुरू करायचं.

मारायचं अजिबात नाही. कोंबडी दिसली की काठी बसते हे त्याला कळतं तेव्हा तो कोंबडीचा राग धरतो नाहीतर एवढंच शिकतो की तुम्ही असताना गप्प बसायचं. आणि मेलेली कोंबडी कुत्र्याच्या गळ्यात बांधायचा जो उपाय जुनी माणसं सांगतात तो पण करू नका, त्या सडण्याचा आणि कालच्या पाठलागाचा संबंध कुत्र्याच्या डोक्यात लागत नाही, नुसते त्याचे हाल होतात.

पायरी ५: जाळीच्या आत, पट्ट्यावर

जाळीला नाक लावून पण तो दुर्लक्ष करायला लागला की मग आत. एकच कोंबडी निवडा, सगळ्यात शांत, थोराड, जी माणसांच्या पायात घोटाळते अशी. पिल्लं किंवा बिथरणारी तलंग (अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) नको. कुत्र्याला खाली बसवा, कोंबडीला तिच्या कामात राहू दे, दाणे टिपू दे. कोंबडी उचलून कुत्र्याच्या तोंडासमोर धरून "बघ, दोस्त आहे" असं करतात ते करू नका, हातातली कोंबडी फडफडते आणि तीच फडफड त्याला सगळ्यात जास्त पेटवते. फडफडीची सवय हळूहळू आणि लांबूनच लावायची, कोणीतरी लांब दाणे टाकायचे, कोंबड्या पंख मारत धावतील, तेव्हा तो तुमच्याजवळ बसून तुकडे खातोय असं.

कोंबडा असेल तर त्याच्याकडे लक्ष ठेवा, तो उलटा अंगावर येतो आणि पायामागचा काटा कुत्र्याच्या डोळ्याला लागू शकतो.

पायरी ६: कासरा, आणि मग नजरेखाली मोकळा

पंधरा फुटांचा सुती कासरा हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला बांधा (गळ्याला नको, झटका बसला तर मान दुखावते) आणि टोक जमिनीवर सोडून द्या. त्याला वाटतं आपण मोकळे आहोत, पण गरज पडली तर तुमचा पाय त्यावर पडतो. असं काही आठवडे. कोंबड्या जवळून पळाल्या आणि त्याने मान वळवून परत तुमच्याकडे बघितलं, एकदा नाही, रोजच, तेव्हा कासरा काढायचा विचार करा. आधी पंधरा मिनिटं आणि तुम्ही तिथंच, हातात मोबाइल नाही. कुणाला दोन महिने लागतात, कुणाला सहा. दोन कुत्रे असतील तर प्रत्येकाला वेगळं तयार करा, एकेकटे संत असलेले दोघं एकत्र आले की एकमेकांना चढवतात.

आणि कितीही तयार झाला तरी तुम्ही घरी नसताना कोंबड्या मोकळ्या आणि कुत्रा मोकळा असं सुरुवातीचं वर्षभर तरी करू नका.

रोजच्या जगण्यातली भांडणं

सगळ्यात मोठी ठिणगी कुत्र्याच्या ताटावरून पडते आणि नेमकं हेच कोणी सांगत नाही. दूध-भाकरी कुस्करून ताट पडवीत ठेवलं की कोंबड्या कुठून कुठून येतात. आमच्याकडे एक कवडी कोंबडी थेट ताटाच्या कडेवर उभी राहून भाकरी टिपायची, कुत्रा जेवत असताना, आणि तो मान न उचलता ओठ वर करून घशातल्या घशात गुरगुरायचा. हा चावा शिकारीचा नसतो, आपलं अन्न राखण्याचा असतो, आणि ट्रेनिंग झालेला कुत्रा पण तो घेतो. उपाय सोपा आहे, कुत्र्याला दार लावून आत जेवायला द्या आणि ताट लगेच उचला. हाडूक चघळायला दिलं तरी तसंच.

पावसाळ्यात परत हाच प्रश्न येतो, कोकणात चार-चार दिवस पाऊस उघडत नाही तेव्हा कोंबड्या पडवीत चढतात आणि पडवी तर कुत्र्याची. ओल्या, वैतागलेल्या दहा जणी त्याच्या गोणपाटावर. खुराड्याला लागून पत्र्याची एक उतरती शेड करून ठेवा, खाली कोरडी राख-माती टाका, त्यांना धुळीत लोळायला मिळालं की त्या तिकडेच रमतात.

अंडी: कुत्र्याने एकदा फुटकं अंडं चाटलं की तो घरटी धुंडाळायला लागतो आणि घरटं धुंडाळताना बसलेली कोंबडी उठवतो, मग धावाधाव. घालण्याचे खोके त्याचं तोंड पोचणार नाही एवढे उंच ठेवा आणि अंडी दिवसातून दोनदा गोळा करा. खुडूक बसलेल्या कोंबडीचे २१ दिवस आणि नंतर पिल्लांचे पहिले दोन महिने कुत्रा पूर्ण लांब. पिल्लांचा चिवचिवाट आणि ती तुरुतुरु धाव भल्याभल्यांना पेटवते, आणि पिल्लंवाली कोंबडी कुत्र्याच्या डोळ्यावर झेपावते ते वेगळंच.

घरी कोंबडी कापत असाल तर कुत्रा बांधून ठेवा, तडफड त्याला दिसू नये, आणि पिसांसकट मुंडी, आतडी त्याच्यापुढं टाकू नका. शिजवलेली हाडं पण नकोत, ती फुटून टोकदार होतात आणि घशात-आतड्यात रुततात.

औषधं आणि आजार

बाजारातल्या तयार कोंबडी खाद्यात बऱ्याचदा कॉक्सिडिओसिस या कोंबड्यांच्या आतड्याच्या रोगावरचं औषध मिसळलेलं असतं, त्यातली मोनेन्सिन, लासालोसिडसारखी औषधं कुत्र्याला विषारी आहेत, पायातली ताकद जाते, उभं राहता येत नाही. खाद्याचं पोतं झाकणाच्या पिंपात ठेवा आणि कुत्रा खाद्यावर ताव मारून लुळा पडला तर पोत्यावरचं लेबल घेऊन डॉक्टरकडे पळा. उंदरांसाठी खुराड्याजवळ विषाच्या वड्या ठेवू नका, सापळा लावा.

उलट बाजूने, कुत्र्याच्या गोचिडांचा स्प्रे कोंबड्यांवर मारू नका. त्यात बऱ्याचदा फिप्रोनिल हे कीटकनाशक असतं, २०१७ साली युरोपात अंड्यांमधे हेच सापडलं म्हणून लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली होती. कोंबड्यांच्या पिसवा-गोचिडांवर काय वापरायचं ते पशुवैद्यकाला विचारा. कुत्रे कोंबड्यांची शीट खातात, त्यातून साल्मोनेला हा जंतू पोटात जाऊ शकतो, म्हणून जागा झाडून घ्या, जंताचं औषध वेळेवर द्या आणि रेबीजची लस दरवर्षी.

एकदम दोन-चार कोंबड्या मेल्या तर कुत्र्याला तिथं फिरकू देऊ नका. राणीखेत हा कोंबड्यांचा साथीचा रोग असेल, बर्ड फ्लू असेल, भारतातला पहिला बर्ड फ्लू २००६ मधे आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला सापडला होता, आणि लागण झालेला पक्षी खाल्ला तर कुत्र्याला पण धोका असतो. १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनच्या नंबरवर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, आणि ते सांगतील तसं चुना टाकून खोल पुरा.

चावा घेतलाच तर

आधी कुत्रा बांधा, आरडाओरडा न करता. कोंबडी धावपळ न करता अलगद उचला, पंख अंगाशी दाबून, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात, उबेत ठेवा, कितीतरी कोंबड्या जखमेने नाही तर धक्क्याने जातात. तासाभराने पिसं बाजूला सारून अंगभर नीट बघा, वरून काही दिसत नाही पण पिसांखाली दातांची बारीक भोकं असतात, आणि ती आत पिकतात. मिठाच्या कोमट पाण्याने धुवून पोव्हिडोन आयोडीन लावा, भोक खोल असेल तर डॉक्टरला दाखवाच, अँटिबायोटिक लागू शकतं. बाकीच्या कोंबड्यांपासून वेगळी ठेवा, लाल जखम दिसली की त्या टोचून टोचून मोठी करतात.

आणि ज्याने मारलंय त्या कुत्र्याचं काय, तर त्याला सोडून देऊ नका. पायरी १ पासून परत सुरू करा, या वेळी जास्त अंतर, जास्त दिवस, आणि मोकळं सोडताना तोंडाला जाळीचा मझल, तो घालून घ्यायला आधी खाऊ देऊन शिकवलेला. काही कुत्रे त्यानंतर पण भरवशाचे होत नाहीत आणि तेही चालतं. त्यांच्यासाठी वेळा वाटून द्या: सकाळी कुत्रा फिरून आला की घरात नाहीतर मागच्या बाजूला लांब दाव्यावर, सावली आणि पाण्याजवळ, कोंबड्या दुपारपर्यंत परड्यात. दुपारनंतर दाणे टाकून कोंबड्या जाळीत घ्यायच्या, कडी लावायची, मोजायच्या, आणि मग कुत्रा मोकळा. रात्री तो मोकळा असला तर मुंगूस, रानमांजर आणि गावातली भटकी टोळी खुराड्याजवळ यायला बिचकतात. फक्त बिबट्याचा वावर असलेल्या भागात त्याला पण रात्री दाराआड घ्या.